पेस्ट कंट्रोल आणि टूथपेस्ट: आपल्याला सारखे वाटणारे इंग्रजी शब्द

या भागाचं हे लिखित रूप. विषय आवाजाचा आहे, त्यामुळे नुसतं डोळ्यांनी वाचून फार हाती लागणार नाही. जिथे 'म्हणून बघा' असं लिहिलंय तिथे खरंच म्हणून बघा. सिटी बसमध्ये असाल तर हळू म्हणा, पण म्हणा.

सुरुवात आपल्या शहरापासून. आपलं गाव दरवाजांचं. पैठण गेट, दिल्ली गेट, भडकल गेट, मकाई गेट. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना दिवसातून दहा वेळा 'गेट' हा शब्द तोंडात येतो. इंजिनिअरिंगवाल्यांचं आणखी एक गेट आहे, एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचं. आणि मग 'गेट आउट', 'गेट रेडी' मधलं गेट. आपण ही सगळी गेटं एकाच आवाजात म्हणतो. इंग्रजी कानाला मात्र पैठण गेटमधलं गेट आणि गेट आउटमधलं गेट हे दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याला 'पाट' आणि 'पट' जितके वेगळे तितके.

हे एकट्या गेटचं नाही. लिहायचं पेन आणि दुखणारं पेन. पत्र म्हणजे लेटर आणि नंतर म्हणजेही लेटर. वर्तमानपत्र म्हणजे पेपर आणि काळी मिरी म्हणजेही पेपर. दिवाळीचा सेल, घड्याळातला सेल आणि पोलिसांचा सायबर सेल. पत्र्याचं शेड आणि रंगाची शेड. एक्स्पायरी डेट आणि गुंतवणुकीच्या बातम्यांतला डेट फंड. आणि माझी लाडकी जोडी: पेस्ट कंट्रोल आणि टूथपेस्ट. एक किडे मारायला, एक दात घासायला, पण पाटीवर अक्षरं तीच.

'सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द' असं शोधलंत तर वेगळ्याच याद्या मिळतील. बरोबर आणि उजवा अर्थाचं राइट आणि लिहिणे अर्थाचं राइट. पाहणे आणि समुद्र, दोन्ही सी. मुलगा आणि सूर्य, दोन्ही सन. या याद्या शाळेत पाठ करायला ठीक आहेत, पण माझ्या मते त्यांनी फारसं कुणाचं बिघडत नाही. ते शब्द खुद्द इंग्रजांच्या तोंडीही सारखेच आहेत. आपल्याकडे नाही का? 'पान' झाडाचं, वहीचं आणि टपरीवरचं. 'नाव' माणसाचं आणि नदीतली. 'हार' गळ्यातला आणि मॅचमधली. कुणी गोंधळतं का? संदर्भावरून कळतं. इंग्रजीतही कळतं.

त्यातल्या काही जोड्या तर मुळात एकच शब्द होत्या. फूल म्हणजे फ्लॉवर आणि पीठ म्हणजे फ्लॉवर. धान्य दळल्यावर त्यातला सगळ्यात उत्तम, बारीक भाग म्हणजे पिठातलं 'फूल', म्हणून तो फ्लॉवर. स्पेलिंगं पुढे वेगळी झाली, उच्चार तिथेच राहिला. औरंगपुऱ्यात वह्यापुस्तकांच्या दुकानांवर 'स्टेशनरी' लिहिलेलं असतं. त्याचा आणि 'एका जागी स्थिर' या अर्थाच्या स्टेशनरीचा उगम एकच. मध्ययुगात फिरून विकणारे पुष्कळ होते. एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर, आणि तो विकतो ती स्टेशनरी. स्पेलिंग लक्षात ठेवा आणि पुढे चला, उच्चाराची काळजी नको.

आमच्या धंद्यातली अशीच एक जोडी. काँप्युटरची कॅश मेमरी आणि खिशातली कॅश यांचा उच्चार तंतोतंत सारखा आहे. मेमरीवाल्या शब्दाचं स्पेलिंग वेगळं, मूळ फ्रेंच, 'लपवणे' या अर्थाचं. तो पैशांपेक्षा वेगळा ऐकू यावा म्हणून बरेच लोक 'कॅशे' किंवा 'कॅचे' म्हणतात. काही गरज नाही. कॅश.

उलट उदाहरणही काँप्युटरमधलंच. १९५६ साली आयबीएममध्ये वर्नर बुखहोल्ट्झ या इंजिनिअरने 'बाइट' हा शब्द बनवला. चावा घेणे अर्थाचा बाइट आधीच होता आणि त्याचं स्पेलिंग आय घालून. पण तेच स्पेलिंग ठेवलं आणि लिहिताना शेवटचा ई गळला तर 'बिट' होणार! म्हणून त्याने मुद्दाम वाय घातला. बिट आणि बाइट यांत लिहिताना गोंधळ होऊ नये, एवढीच काळजी होती. चाव्याशी गोंधळ होईल याची चिंता त्याला वाटली नाही, आणि बरोबरच होतं. हार्ड डिस्क चावत नाही.

तर गोंधळ दोन प्रकारचे. एक इंग्रजीचा स्वतःचा, तो निरुपद्रवी. दुसरा आपल्या लिपीने तयार केलेला. नुकसान करतो तो हा दुसरा.

लिपीने कसा, ते सांगतो. २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. माझ्या वयाचे लोक त्यानंतरच्या लगेचच्या वर्षांतले. पहिलीतलं पोर इंग्रजी शब्द लक्षात कसा ठेवणार? पेन्सिलीने त्यावर देवनागरीत लिहून. पेनवर 'पेन'. दुखण्याच्या स्पेलिंगवरही 'पेन'. ती पेन्सिल कायम डोक्यात राहते. इंग्रजी ऐकायला यायच्या आधी आपण ते देवनागरीत वाचलेलं असतं, आणि देवनागरीत जे एक आहे ते कानालाही एकच वाटतं.

गंमत म्हणजे मराठीने इंग्रजीसाठी आपली लिपी वाढवलीसुद्धा. 'बॅट' आणि 'बॉल' लिहायला आपण चंद्र आणला. २००९ साली राज्य शासनाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा ॲ आणि ऑ स्वरांच्या रांगेत अधिकृतपणे बसले. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, युनिकोडमध्ये 'ॲ' हे अख्खं अक्षर आलं. त्याआधी अ वर वेगळा चंद्र जोडून काम चालायचं, काही जण ए वर चंद्र देऊन 'ऍ' लिहायचे. फोनवर 'ॲप' हा शब्द अजून तीन प्रकारे टाइप झालेला दिसतो आणि सर्चमध्ये एक दुसऱ्याला ओळखत नाही, त्याचं कारण हे.

हा चंद्र आपली मोठी कमाई आहे. बॅट, बट, बेट आणि कॉट, कट, कोट हे आपण सहज वेगळे म्हणतो आणि ऐकतो. पण ए एकच राहिला. नांदेडच्या पुढे तेलुगू सुरू होते, सोलापूरच्या पुढे कन्नड. दोन्ही भाषांमध्ये आखूड ए आणि लांब ए ही वेगळी अक्षरं आहेत. देवनागरीच्या युनिकोडमध्येही आखूड 'ऎ' पडून आहे, मराठीला तो लागत नाही. म्हणून पेस्ट आणि पेस्ट.

आता उपाय. 'ए' ऐकू येणाऱ्या इंग्रजी शब्दांचे दोन गट करा. पहिला गट पेन, लेटर म्हणजे पत्र, पेस्ट कंट्रोल, सायबर सेल, डेट फंड, गेट आउट. यात ए आखूड, तोंड आपल्या नेहमीच्या ए पेक्षा किंचित जास्त उघडं, आणि पटकन संपवायचा. स्पेलिंगमध्ये बहुतेक वेळा नुसता ई असतो. दुसरा गट दुखणं, नंतर, टूथपेस्ट, दिवाळी सेल, तारीख, पैठण गेट. यात आवाज ए वर सुरू होऊन इ कडे घसरतो. पेइन. लेइटर. पेइस्ट. सेइल. डेइट. गेइट. स्पेलिंगमध्ये ए-आय, ए-वाय, नाहीतर मध्ये ए आणि शेवटी मुका ई.

ही घसरण नवीन शिकायची नाही, ती तुमच्या तोंडात आहे. 'तो सामान नेईल' म्हणून बघा. आता फक्त 'नेईल' भरभर, एका दमात म्हणा. हा इंग्रजीतला नखाचा आणि खिळ्याचा नेइल झाला. 'देईन', 'येईल' घाईत म्हटलं की तीच घसरण. नेईलमधला ए-ई उचला आणि दिवाळीच्या सेलमध्ये टाका. मला तरी यापेक्षा सोपी युक्ती सापडलेली नाही.

पुढची जागा म्हणजे ह्रस्व-दीर्घ. शाळेत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब असं शुद्धलेखनात शिकलो, पण बोलताना दोन्ही सारखेच म्हणतो. मराठीत ह्रस्व-दीर्घ बऱ्यापैकी कागदावरचं प्रकरण आहे. इंग्रजीत नाही. शिप जहाज, शीप मेंढी. लिव्ह राहणे, लीव्ह सोडून जाणे. 'आय लिव्ह इन सिडको' म्हणताना इ ताणला गेला की तुम्ही सिडको सोडून निघालात असं ऐकू येतं. हे नुसतं लांबीचं काम नाही. शिपमधला इ सैल असतो, जीभ ढिली, आवाज जरासा ए कडे झुकलेला. शीपमधला ई ताठ, ओठ हसल्यासारखे पसरलेले. आणि ऑफिसात एक्सेलचं शीट शेअर करताना किंवा गोव्याच्या बीचबद्दल बोलताना शंका आली तर बिनधास्त ताणा. आखूड पडलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, हा पॉडकास्ट घरचेही ऐकतात.

व ची गोष्ट जरा मजेदार. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू वेगळे, आपल्याकडे व एक. मराठीने त्यावर स्वतःचा तोडगा काढला, 'व्ह'. हिंदीत 'वीडियो', मराठीत 'व्हिडिओ'. व्हॅन, व्होट, व्हायरस. छान! पण मग डब्ल्यू-एच वाल्या शब्दांतही आपण व्ह लिहायला लागलो: व्हाइट, व्हील, व्हॉट्सॲप. म्हणजे व्ही साठी काढलेलं चिन्ह डब्ल्यूच्या घरातही शिरलं. त्यामुळे लिहिलेलं बघून उच्चार करू नका. व्ही म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर, आवाज घासत बाहेर. डब्ल्यू म्हणजे दात लांब, ओठांचा चंबू, उ ने सुरुवात. द्राक्षाची वेल म्हणजे व्हाइन, आणि तिच्या द्राक्षांची होते ती उआइन. जनावरांचा डॉक्टर व्हेट, ओलं म्हणजे उएट.

आता आपण जिथे जन्मजात पुढे आहोत ते. जगात पुष्कळ लोकांना 'थिन' आणि 'टिन', 'थ्री' आणि 'ट्री' वेगळे म्हणता येत नाहीत. आपल्याला यात कधी अडचण आलीय? थ आणि ट ही आपली वेगळी अक्षरं आहेत. आपला थ इंग्रजी थ नाही, इंग्रजीत जीभ दातांमध्ये येते आणि हवा घासत जाते. पण शब्द वेगळे राहतात, समोरच्याला कळतं. काम झालं. यावर वेळ घालवू नका.

झेड मात्र बघायला हवा. प्राइस किंमत, प्राइझ बक्षीस. लूस ढिलं, लूझ हरवणे. ॲडव्हाइस सल्ला, ॲडव्हाइझ सल्ला देणे. इंग्रजी झेड म्हणजे घोटलेला स: 'सऽऽऽ' म्हणता म्हणता गळ्यातून आवाज चालू करा, डास कानाशी येतो तसा. मराठीत 'जरा', 'जमीन', 'बाजार' यांतला ज त्याच्या जवळ जातो, पण आपण आधी जीभ टेकवतो आणि मग सोडतो. परीक्षा सोपी: तो आवाज ताणता येतो का? 'जरा'मधला ज ताणता येत नाही, टेकला की संपला. आता शहागंजमध्ये दखनी-उर्दू बोलणाऱ्या कुणाच्याही तोंडून तेच 'ज़रा', 'ज़मीन', 'बाज़ार' ऐका. शब्द तेच, फारसीतून आलेले, पण तिथे ज़ ताणता येतो. तोच इंग्रजी झेड. आपल्या शहरात हे दोन्ही आवाज एकाच चहाच्या टपरीवर फुकट ऐकायला मिळतात. पुण्यातल्या महागड्या स्पोकन क्लासला ही सोय नाही.

हे सगळं नुसतं 'इंग्रजी चांगलं दिसावं' म्हणून सांगत नाहीये. उच्चारावरून माणसाची हुशारी मोजणारे लोक मला आवडत नाहीत. सिल्लोड-पैठणची पोरं कोड उत्तम लिहितात आणि इंटरव्ह्यूत आवाज बारीक करून बसतात, हे मी पाहतो. त्यांना कुठलाही परदेशी ॲक्सेंट लागत नाही. पण ज्या चार-पाच ठिकाणी अर्थच बदलतो, ती माहीत असायला हवीत. आणि त्यातली सगळ्यात महाग जागा वरच्या कुठल्याच यादीत नाही.

कॅन आणि कान्ट. जमेल आणि जमणार नाही.

एका अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर आमच्या टीममधला एक जण म्हणाला, 'वी कॅन डू इट बाय फ्रायडे.' स्पष्ट, एकेक शब्द ठासून. पलीकडच्या बाईंनी ऐकलं की शुक्रवारपर्यंत जमणार नाही. त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना तसं कळवलं, तारीख पुढे गेली, आणि इकडे पोरं रात्र जागून शुक्रवारी काम संपवून बसली. कुणाचंच इंग्रजी चुकलं नव्हतं.

झालं काय? अमेरिकन बोलण्यात होकाराचा कॅन वाक्याच्या मध्ये जवळजवळ गिळला जातो: 'वी कन डू इट', जोर 'डू'वर. नकाराचा शब्द तिथे 'कान्ट' नसतो, 'कॅन्ट' असतो, आणि त्यातला ट अनेकदा ऐकूच येत नाही. मग तिथला कान फरक कशावरून ओळखतो? जोरावरून. पूर्ण, ठसठशीत कॅन ऐकला की नकार, गिळलेला कन ऐकला की होकार. मराठीत असा जोर देऊन अर्थ बदलत नाही, आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने टाकतो. त्यामुळे आपण जितकं स्पष्ट 'कॅन' म्हणू तितका तो त्यांना नकार वाटतो. ब्रिटिश वळणाचा आपला 'कान्ट' आ मुळे वेगळा ऐकू येतो, पण समोरचा 'कॅन्ट' म्हणतो तेव्हा आपण फसतोच. उपाय: नकार असेल तर 'कॅनॉट' म्हणा, पूर्ण. होकार असेल तर 'येस, वी विल'. आणि कॉल संपल्यावर एक ओळ लिहून पाठवा.

आकड्यांचंही तेच. फिफ्टी आणि फिफ्टीन. पन्नासमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पंधरामध्ये 'टीन'वर, आणि शेवटचा न पुसट झाला की संपलं. फोनवर रक्कम सांगताना 'वन-फाइव्ह, फिफ्टीन' असं फोडून सांगायची सवय लावा. यात कमीपणा नाही, वैमानिकही हेच करतात. विमानांच्या रेडिओवर बोलायचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत. नाइन आणि फाइव्ह खरखरीत सारखे ऐकू येतात म्हणून तिथे नाइनला 'नायनर' आणि फाइव्हला 'फाइफ' म्हणायचं असतं. थ्रीला चक्क 'ट्री'.

हे नियम का पाळायचे, त्याचं एक उदाहरण १९८९ चं आहे. १९ फेब्रुवारीला फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ क्वालालंपूरला उतरत होतं. कंट्रोलरने सांगितलं, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो', म्हणजे दोन हजार चारशे फुटांपर्यंत खाली या. वैमानिकांनी त्यातला 'टू' हा आकडा दोन न समजता 'पर्यंत' या अर्थाचा टू समजला, आणि 'ओके, फोर झीरो झीरो' असं उत्तर दिलं. ती चूक पलीकडे कुणी पकडली नाही. विमान चारशे फुटांकडे गेलं आणि टेकडीवर आदळलं. चारही जण मरण पावले. मघाशी मी म्हणालो की खरे समान उच्चाराचे शब्द निरुपद्रवी असतात, कारण संदर्भ सांभाळून घेतो. इथे संदर्भच दोन्ही अर्थांना जागा देत होता. अशा ठिकाणी उच्चार कितीही शुद्ध असून उपयोग नाही, वाक्यच बदलावं लागतं: 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट'.

बरं, सराव कसा करायचा. क्लास लागत नाही. फोनवर व्हॉइस टायपिंग इंग्रजी-भारत वर ठेवा. पूर्ण वाक्य बोलू नका, कारण फोनही संदर्भावरून अंदाज लावतो आणि तुमची चूक झाकतो. एकटा शब्द बोला. पत्रवाला लेटर, मग नंतरवाला लेइटर. पेपर, पेइपर. शिप, शीप. व्हाइन, उआइन. प्राइस, प्राइझ. प्रत्येक जोडी पाच वेळा, आणि कोणतं स्पेलिंग उमटतंय ते बघा. नंतर भाषा इंग्रजी-अमेरिका करून तेच पुन्हा. काही जोड्या आधीच नीट निघतील, त्या सोडून द्या. उरतील त्या तुमच्या. बहुतेकांच्या ए वाल्या उरतात, असा माझा अंदाज.

मागच्या भागानंतर विचारलेला एक प्रश्न राहिलाय: 'डेटा' बरोबर की 'डाटा'? इंग्रजीत डेइटा आणि डॅटा दोन्ही चालतात, 'डाटा'ही काही ठिकाणी ऐकू येतो. रिचार्ज कुठलाही मारा. पुढच्या भागात मुकी अक्षरं घेऊ, डेट फंडातला बी तिथे कशाला बसलाय इथपासून.